समासातली पेन्सिल

जुनी पुस्तके संगणकावर आणणाऱ्या आमच्या स्वयंसेवक मंडळाच्या पुण्यातल्या समन्वयकांनी पास्कोल मास्तरांना फसवले. मास्तर जाऊन काही आठवडे झाले. आता कोणीतरी हे गोड करून लिहील, त्याआधी मी लिहितो. रोझीबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी मालवण बंदरात सुरमईचा लिलाव पुकारत होतो. "बाबल्या, मास्तर गेले रे..." चालू बोली टाकून मी देवबागला, मास्तरांच्या घरी, निघालो. असे मी कधीच केले नव्हते.

शाळा सोडून मी टोपल्या उचलायला लागलो, तरी मास्तरांनी मला वाचायचे सोडू दिले नाही. निवृत्तीनंतर ते गावच्या वाचनालयातली पुस्तके टंकू लागले आणि मलाही जुंपले. टंकताना शीर्षक कुठले, कविता कुठली, तळटीप कुठली हे संगणकाला कळावे म्हणून मजकुरात खुणा घालाव्या लागतात. त्या सगळ्यांनी सारख्याच घालायच्या, म्हणून नियमावली ठरत होती. मास्तरांना एक जास्तीची खूण हवी होती, समासातल्या शेऱ्यांसाठी. आमच्याकडे वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने शेरा मारल्याशिवाय पुस्तक परत करायची रीतच नव्हती. एका कादंबरीत नायिका चार पाने रडते. तिथे माझ्या आईने लिहिले आहे : "किती रडतंस गो! उठ, कामाक लाग." आईच्या हातचे तेवढेच अक्षर उरले आहे.

नियमावलीची बैठक माझ्याच घराच्या पडवीत झाली. समन्वयक म्हणाले, "लोक मोबाइलवर वाचतात. छापील पानांचे आकडे आणि समासातला हा कचरा कशाला?" मास्तरांना दोन्ही हवे होते. मी त्यांना बाजूला घेतले. "मास्तरांनू, एक सोडा, एक धरा." ते खाडीकडे बघत म्हणाले, "पानाचो आकडो गेलो तरी चलात. माणूस जाऊक नये." सौदा ठरला : आकडे जातील, शेरे राहतील. समन्वयकांनी माझ्या हातावर हात मारला, वर बांगड्याचे तिखले दोनदा वाढून घेतले.

मास्तर इस्पितळात पडले आणि नेमकी तेव्हाच नियमावलीची नवी आवृत्ती निघाली. मी भेटायला गेलो तर ते मोबाइलवर तीच कादंबरी वरखाली सरकवत होते. "बाबल्या, तुझी आवस खंय गेली रे?" आईचा शेरा त्या पानावर नव्हता. शेऱ्याची खूण नियमावलीतून काढली होती, आणि खुणेसकट सगळ्या पुस्तकांतले सगळे शेरे पुसले गेले होते. मी तिथूनच फोन लावला. "तांत्रिक अडचण," समन्वयक म्हणाले. अडचणच होती, तर शेऱ्यांच्या बदल्यात सोडलेले पानांचे आकडे का परत आले नाहीत? अडचणीला बरोबर आमचीच बाजू कशी सापडली? मी आवाज चढवला तसा फोन बंद झाला. मास्तरांनी मला गप्प केले नाही. एरवी करायचे. शोकसभेत मात्र पडद्यावरून सगळ्यांत लांब भाषण समन्वयकांचेच झाले.

रोझीबाईंनी मास्तरांचे टेबल हलवलेले नाही. कादंबरी रडण्याच्या पानावर उघडी आहे, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून वर त्यांचा चष्मा. काचेखाली आईचे अक्षर मोठे दिसते. आमच्या बंदरात तोंडाने दिलेली टोपली कोणी मागे घेत नाही. घेतलीच, तर चारचौघांत उभे राहून कारण सांगतो. समन्वयक साहेब, खूण कोणाच्या हाताने काढली त्याचे नाव सांगा. फोनवर नको. त्याच पडवीत या, रोझीबाईंसमोर बसा आणि सांगा.