येळवसपर्यंतची गळती

माझा नवरा पुण्यात नव्या इमारतींना पाइप बसवायचा आणि बीदरात आमच्या स्वतःच्या घरचा पाइप गळायचा. हे वाक्य त्या काळात मी इतक्या जणींना ऐकवलं होतं की शेवटी शेवटी गल्लीतल्या बायका मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागायच्या. मीही हसायचे. हसून झालं की घरी यायचं, कडी लावायची आणि अंगणातली टिपटिप ऐकत भाकरी थापायची. एकट्या माणसासाठी भाकरी थापण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. परात खाली काढायलासुद्धा जिवावर येतं.

गळत होतं ते एल्बोतून. रस्त्यावरून आलेला पाइप आमच्या अंगणात शिरायचा, शेजारच्यांच्या भिंतीला लागून चालायचा आणि हौदापाशी वळायचा. त्या वळणावर बसवलेला प्लास्टिकचा कोपरा म्हणजे एल्बो. तो नवऱ्यानंच बसवला होता, लग्नानंतर लगेच, तेव्हा त्याची कामं बीदरातच असायची. मी बाजूला बसून हातात हवं ते द्यायचे. (नवरा समोर असला की मी तुम्ही म्हणते. लिहिताना तो म्हणते. एवढी मुभा मी मला दिलेली आहे.) पुढे बीदरातली कामं आटली. मोठी बांधकामं आधी हैदराबादेत आणि मग पुण्यात निघाली, तसा तो आधी हैदराबादला आणि मग पुण्याला गेला. तिकडे अजून राहायलाही न आलेल्या लोकांच्या न्हाणीघरांत हा पाणी चढवत होता.

सासरचे लोक मूळचे मेंढरंवाले. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत घरातले पुरुष वर्षातले कित्येक महिने कळपामागे हिंडायचे. सासूबाई तेव्हा निर्णा गावी थोरल्या दिरांकडे राहायला गेल्या होत्या, पण जाताना मला समजावून गेल्या, "आमच्यात माणूस भाईरच असतंय बाई. त्याचं मनाला लावून घेऊ नको." मी म्हटलं, "आत्या, मेंढरामागं गेलेला माणूस ठरल्या वक्ताला परत तर यायचा. पाइपाला कसला आलाय हंगाम?" त्यांना ते पटलं असावं. पिशवी उचलून बसला गेल्या.

घरात मी आणि शिवणयंत्र उरलो. दिवसभर ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका असत, त्यामुळे दिवसाचं काही वाटायचं नाही. दिवेलागणीला मात्र घर अंगावर यायचं. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. पाइप गळायला लागला तेव्हा मी फोनवर सांगितलं.

"सायकलची ट्यूब काप आन् घट्ट बांध," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको. फिटरच्या घरी दुसरा फिटर आला म्हणजे माझी काय अब्रू राहती? येळवसला दोन दिवस सुट्टी काढून येतो. धा मिन्टाचं काम हाय."

येळवस म्हणजे आमच्याकडची हिवाळ्यातली अमावास्या. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. सगळा गाव शेतात जातो, उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करून पूजा होते आणि मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्यालासुद्धा कुणीतरी ओढून नेतं. आधीच्या येळवसला निर्ण्याच्या शेतात मी एकटीच गेले होते. जावा, नणंदा, त्यांचे नवरे, सगळे जोडीनं कोपीला फेरा मारायला लागले तेव्हा मी आंबील ढवळायचं निमित्त काढून बसून राहिले होते. त्यामुळे मला त्या दहा मिनिटांच्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं. मला ते दोन दिवस हवे होते.

दिवाळीला तो आला नव्हता. उगादीलाही नाही. बायकोला भेटायचंय म्हणून मुकादमाकडे सुट्टी मागायला पुरुषाला लाज वाटत असेल. घरचा पाइप गळतोय म्हणून मागायला वाटत नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्या एल्बोवर खूश झाले. ट्यूब बांधली, पण आवळून आवळून नाही. थोडं गळू दे म्हटलं. खाली बादली ठेवली आणि ते पाणी कढीपत्त्याला घालू लागले.

पण पाइपाला माझ्या मनातलं थोडंच कळतं. टिपटिपची धार झाली. शेजारच्या भिंतीवर ओल चढायला लागली. ती भिंत लाल दगडाची, आत माती भरलेली. पलीकडे शेजारच्या अव्वांनी ज्वारीची पोती रचून ठेवलेली. अव्वा कन्नड बोलणाऱ्या, वयानं माझ्या आईएवढ्या, जिभेनं त्याहून मोठ्या. एका सकाळी त्या अंगणात आल्या, भिंतीला हात लावला आणि तो ओला हात माझ्या गालाला लावला.

"तुझा गंड कधी यायलाय?"

"येळवसला, अव्वा."

"तंवर आमच्या ज्वारीला मोड येतील. मग त्याचीच उसळ कर आन् घाल त्याला."

गंड म्हणजे कन्नडमध्ये नवरा. मराठीत गंडा घालणं म्हणजे काय, ते सांगायला नकोच. मी मनातल्या मनात म्हटलं, भाषेनं आधीच सावध केलं होतं, आपणच ऐकलं नाही. पण अव्वांचं खरं होतं. माझ्या दोन दिवसांसाठी त्यांच्या घरची ज्वारी नासवायचा मला काय हक्क? येळवस अजून पुढे होती. दुसरा फिटर बोलावला असता तर नवऱ्याची अब्रू जात होती. राहता राहिले मी.

बाजारात नळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा गल्ल्यावरून म्हणाले, "क्या होना, अम्मा?"

"एल्बो होना. और सोल्युशन की छोटी डबी."

"मिस्त्री को भेजो ना. साइज बराबर आना पडता."

"मिस्त्री पुने में है. यहाँ का मिस्त्री मैंइच हूँ."

चाचांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एल्बो काढून दिला. साइज बरोबर निघाली, कारण मी जुन्या एल्बोचं माप शिवणाच्या टेपनं घेऊन आले होते. ब्लाऊजच्या बाह्यांचं माप घेणारीला पाइपाचं घेता येऊ नये, असं काही नाही.

आता एकच प्रश्न होता. पाणी चालू असताना पाइप कापता येत नाही, आणि गल्लीचं पाणी बंद करायची कळ काही माझ्या हातात नव्हती. पाणी कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून ते जाताक्षणी कापलं तरच जोड वाळायला वेळ मिळणार होता. त्या दिवशी सकाळी पाणी आलेलं होतं. अव्वांच्या घरचा नळ रस्त्याच्या कडेला, तिथे पाणी आलं-गेलं आधी कळतं; आमच्या एल्बोतून पाइपात साचलेलं पाणी नंतरही गळत राहायचं. म्हणून मी अव्वांच्या सुनेला तिथे उभं केलं. ती गुलबर्ग्याकडची, नवी नवरी, मराठी चार-पाच शब्दांपुरती. तिला म्हटलं, "पाणी बंद झालं की मला हाक मार." तिनं मान हलवली. मी पाइपापाशी उकिडवी बसले, करवतीचं पातं हातात घेऊन, कान रस्त्याकडे. बंद हा शब्द कधी येतो, याचीच वाट पाहत.

मधे पाणी खरंच थांबलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा ती चुलीवरचं दूध बघायला आत गेली होती. परत आली तर नळाला पुन्हा जोरात पाणी. पोरगी इमानदार. तिनं तिथूनच हाक दिली, "अक्का, नीर बंदाव! नीर बंदाव!"

बंदाव म्हणजे आलं. नीर बंदाव, पाणी आलं. गेलं असतं तर ती होदवु म्हणाली असती. माझं माहेर कोहिनूर गावचं, तिथली अर्धी गल्ली कन्नड, लहानपणापासून हा शब्द मी हजारदा ऐकलेला आणि स्वतः बोललेला. पण त्या सकाळी माझं डोकं मराठीत बसलं होतं आणि बंदची वाट पाहत होतं. बंद ऐकलं आणि कापला पाइप.

हिवाळ्यातलं बीदरचं पाणी तोंडावर बसलं म्हणजे काय होतं, ते अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. मी किंचाळले. दोन्ही तळवे पाइपाच्या तोंडावर दाबले, तरी बोटांच्या फटींतून कारंजं उडतच होतं. सून धावत आली. मला बघून आधी पदर तोंडावर धरला आणि मग धरवेना, तशी खाली बसून हसायला लागली. मी तिच्यावर ओरडले, "बंद म्हटलीस ना तू!" ती म्हणाली, "बंदाव अंदे, अक्का!" (अंदे म्हणजे म्हटलं.) आणि दोघींनाही एकदमच उमगलं. मग मीही हसायला लागले. थंडीनं दात वाजत होते आणि हसू आवरत नव्हतं.

वाया जाणारं पाणी बघवेना, म्हणून तिनं घागर आणली. तिची घागर बघून समोरची आली, तिच्या मागून आणखी दोघी. एरवी बारीक धारेनं घागर भरायला जीव जायचा, इथे दम लागायच्या आत भरत होती. माझे हात गारठून गेले तशी एकीनं मला बाजूला सारलं आणि तळवे स्वतः दाबले. मग पाळ्या लागल्या. अव्वा काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "फिटरच्या घरी बाया नळ धरायल्यात, आन् फिटर कुठं हाय?" सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, "पुण्याला!" मी आत जाऊन चहा ठेवला. मोठ्या पातेल्यात. ते पातेलं सासूबाई निर्ण्याला गेल्यापासून फळीवरून खाली आलं नव्हतं. बायका ओल्या लुगड्यांनी पायरीवर बसून चहा प्यायल्या. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा दीर दुबईला जायलाय, असं सगळं बोलणं झालं. मला इतकं बरं वाटत होतं की हे पाणी असंच चालू राहावं, असं मनात येऊन गेलं.

पाणी गेलं. या वेळी खरंच गेलं. घागरी कमरेवर घेऊन सगळ्या आपापल्या घरी गेल्या, कारण प्रत्येकीच्या घरी कुणीतरी जेवायला येणारं होतं.

मग मी काम केलं. जुना एल्बो कापून काढला. पाइपाची टोकं जुन्या परकराच्या फडक्यानं कोरडी केली, उन्हात तसंच थोडा वेळ राहू दिलं, पॉलिश पेपरनं घासलं. नवऱ्याचे हात कसे चालायचे ते आठवत आठवत चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडून लावलं, एल्बो दाबून बसवला, जरासा फिरवला आणि घट्ट धरून ठेवला. तो धरताना अंगठा आपोआप त्याच्यासारखा वाकला. ते बघून मला रडू आलं. हात सोडता येत नव्हते, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत. नाक ओढत तशीच बसले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी पाटावर बसून एल्बोकडे बघत राहिले. पाणी आलं, हौदात पडायला लागलं, पण एल्बो ठणठणीत कोरडा. मी त्याच्या खालून बोट फिरवून पाहिलं. काही नाही. स्वतःच्या हाताचं मला फार कौतुक वाटलं. अव्वांना बोलावून दाखवलं. त्यांनी पाठीवर थाप मारली. त्या गेल्यावर अंगणात टिपटिप नव्हती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. आता काय सांगायचं?

रविवार येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. गळायलंय असंच सांगायचं. येऊ दे त्याला. आला की दाखवू, हसू, मग येळवसला निर्ण्याला जाऊ. यात कुणाचं काय जात होतं? ब्लाऊज शिवता शिवता ते वाक्य मी कितीतरी वेळा घोकलं.

फोन आला. "मुकादमाशी बोललोय सुट्टीचं," तो म्हणाला. "नाक मुरडायलाय, पर देतो म्हणालाय. पाइप कसा हाय? लई गळायलाय का?"

आणि मी म्हणाले, "बसवला मी. नवा एल्बो घातला."

कसं निघालं तोंडून, मला माहीत नाही. एवढं मोठं काम केल्यावर ते ज्याच्याकडून शिकले त्याला सांगायचं नाही, हे माझ्याच्यानं झालं नाही.

मग तो मोठ्यानं हसला आणि खोलीतल्या लोकांना ओरडून सांगू लागला, "ऐका रे, आमची बायको फिटर झाली!" मागे बाकीच्यांचा गलका. मग त्यानं एकेक विचारलं. दोन्हीकडून लावलंस का? घासून घेतलंस का? थेंबबी न्हाई? मी सगळं सांगितलं, बंदावचंही सांगितलं. तो खो-खो हसला. कित्येक महिन्यांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. मी भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब सोडून, अगदी सुखात.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "आता कामून उगं जा-ये करू? इथं कामाची घाई चालू हाय. सुट्टी नको म्हणून सांगतो, मुकादमबी खूश व्हईल. तू जा निर्ण्याला. माझ्या वाटणीची आंबील तूच पी."

"व्हय," मी म्हणाले.

पाइप गळत नसला तरी या, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं फोन ठेवला तेव्हा ते माझ्या ओठांवर आलेलं होतं.