मी उतरवलेला सूर

किसन गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी अंगणात तूर वाळत घालत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली ती... महिना झाला.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आंजी गावचा किसन संगीत नाटकात नायक होण्याच्या वेडाने रोज सायकलने वर्ध्याला गाण्याच्या मास्तरांकडे यायचा; मी तिथेच पेटी वाजवायचो. मास्तरांनी वर्षभर त्याला नुसता षड्ज लावायला लावला. पहाटे पवनारला धाम नदीच्या खडकांवर उभा राहून तो खर्ज घोटायचा, मी शेजारी पेटी घेऊन बसायचो. आणखी वर्षभरात तो काळी चारच्या उंच पट्टीत सहज गाऊ लागला.

मग एक नाटक कंपनी वर्ध्यात आली. मालकांनी दुपारी आवाज ऐकायला बोलावलं, आणि नेमका आदल्या दिवशी किसनला ताप. घसा बसलेला.

"उद्या जाऊ," मी म्हणालो.

"उद्या कंपनी चालली अमरावतीले."

रिकाम्या मांडवात मालक पान चघळत बसले होते. किसनला न विचारताच मी एक पट्टी खाली, काळी तीन धरली. पहिल्याच ओळीला तो थांबला, माझ्याकडे वळला.

"सूर काऊन उतरवला?"

"तुहा गळा बसून राह्यला, किसन."

"मले इचारलं होतं?"

त्याने वाकून माझं बोट स्वतः काळी चारवर ठेवलं. अंतऱ्यात तार षड्जावर आवाज फाटला. त्याने पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा मालकांनीच हात वर केला. "बस! तीन महिने गळ्याला विश्रांती दे. मग ये, लहान कामापासून सुरू करू."

तीन महिने तो कोणाशी बोलला नाही. नंतर बोलू लागला, पण पेटीवर मला पुन्हा बसवलं नाही. कंपनीत गेला, नायक झाला, म्हातारपणी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत गाण्याची शिकवणी घेऊ लागला. आम्ही लग्नकार्यात भेटायचो, मुलाबाळांचं बोलायचो. त्या दुपारचं कधीच नाही...

परवा प्रथमच त्याच्या शिकवणीच्या खोलीत गेलो. वर्ग आता मुलगी घेते. पेटीवाला आला नव्हता, म्हणून तिने मलाच बसवलं. गायला बसलेली पोरगी आधी माझ्याकडे वळली. "आजोबा, माहा आवाज आज कसा वाटते? कोणता सूर धरू?"

मी किसनच्या मुलीकडे पाहिलं.

"बाबांचा नियमच होता," ती म्हणाली. "पेटीवाल्याले इचारल्याबिगर कोणी गायचं नाई."

पोरगी वाट पाहत होती. मला बोट ठेवायला बराच वेळ लागला.