बाटलीवरच्या मिशा

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा कोपर सात महिन्यांत बरा झाला, तो डूख धरून. राग तब्येतीला वाईट, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहते, मला सांगू नका.

आम्ही दोघी एकाच शिलाई कारखान्यात. मी मशीनवर, त्या कटिंगला. खिडकीजवळचं पहिलं टेबल वीस वर्षं त्यांचं होतं. कापडाचे आठ थर जड कात्रीनं एका दमात कापायच्या, कडेला एक धागा लोंबायचा नाही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी मास्तरकडे आठवडाभर हलकं काम मागितलं. मास्तर म्हणजे कटिंगचा मुख्य. गळ्यात कायम टेप आणि टोकं वर वळवलेल्या मिशा. तो हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काम नको असलं की कोपर दुखतोच."

पंधरा दिवसांनी जाऊबाईंच्या हातातून कात्री सुटली. कट तिरका गेला, आठही थर वाया. मास्तरनं ते कापड दोन्ही हातांनी वर धरून सगळ्या हॉलला दाखवलं. "हिचा हात गेला. बसवा हिला बटणांना!" आणि खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःची कात्री ठेवली. मेल्याचा डोळा त्या टेबलावर कधीपासूनच होता.

जाऊबाई घरी आल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "त्याच टेबलावर, त्याच्या डोळ्यांदेखत कापीन. नाही कापलं तर नाव बदलीन."

"आधी पाणी प्या," मी म्हटलं.

पण ऐकतील तर शपथ! त्याच आठवड्यात घरातल्या जुन्या चादरी काढून रोज कापायला बसल्या. कोपर असा ठणकायला लागला की वेणीसुद्धा मला घालून द्यावी लागली. शेवटी मीच त्यांना ओढत दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंकडे नेलं. त्यांनी कोपर दाबून बघितला आणि समजावलं, "स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी असते, कंडरा. तिला रक्त कमी मिळतं, म्हणून ती आपल्या चालीनं सांधते. शरीर दुरुस्ती करतंच, तुम्ही आड येऊ नका."

"किती दिवस?"

"दिवस नाही, महिने."

परतताना जाऊबाई अर्ध्या रस्त्यात थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "ताणाचं लवचीक कापड गुंडाळीतून काढलं की रात्रभर मोकळं पसरून ठेवतो ना आपण? ताण उतरायच्या आत कात्री लावली तर धुतल्यावर शर्ट आखडतो. एवढी अक्कल कापडाला वापरली आणि हाताला नाही. मूर्ख मी."

त्या दिवसापासून घरात मास्तरचंच राज्य. ताटात डाळ, दही, उकडलेलं अंडं. "खा, मास्तरसाठी खा," असं स्वतःलाच सांगायच्या. रोज एक पेरू नाहीतर लिंबू. दहाच्या आत दिवा बंद, कारण दुरुस्ती झोपेत होते, असं बाईंनी सांगितलं होतं. कारखान्यामागे चोरून ओढायच्या त्या दोन सिगारेटीही सुटल्या. सिगारेटनं जखम रखडते, हे कळल्यावर म्हणाल्या, "माझा कोपर रखडला की आनंद कोणाला? मग नाही ओढणार."

आणि ती बाटली! दुखणं जरा ओसरल्यावर बाईंनी व्यायाम दिला होता. हात टेबलावर टेकवायचा, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्धी भरलेली बाटली. डाव्या हातानं वर न्यायची, उजव्यानं सावकाश खाली उतरवायची. जाऊबाईंनी तिच्यावर काळ्या पेनानं मिशा काढल्या, टोकं वर वळवलेल्या. "आज मास्तरला तीसदा खाली उतरवलं," असं जेवताना सांगायच्या. एकदा मोठे दीर चुकून त्या बाटलीतलं पाणी प्यायले, तर दोन दिवस अबोला.

सातव्या महिन्यात बाटली काठोकाठ भरलेली असायची. कुरकुर नाही, कळ नाही. जाऊबाई मात्र बटणांच्या बाकावर गप्प बसून होत्या, वाट बघत.

मग एका सकाळी ताणाचं कापड आलं आणि मास्तरनं गुंडाळी सोडून तिथल्या तिथे कात्री घातली. घाई होती. आणि मी बघितलं, मधूनमधून तो डाव्या हातानं उजवा कोपर चोळत होता. जाऊबाईंनीही सगळं बघितलं. एका शब्दानं सांगितलं असतं तर कापड वाचलं असतं. त्या बटण लावत राहिल्या.

नमुन्याचा शर्ट धुऊन आला, बाह्या चार बोटं आखूड! आम्ही सहा जणींनी दोन दिवस बाह्या उसवल्या, अर्ध्या बाह्यांचे शर्ट करायला. माझी बोटं सोलून निघाली. त्या दोन दिवसांत मी जाऊबाईंशी बोलले नाही, आणि मला अजून त्याचा राग आहे.

कारखान्याची मालकीण हॉलमध्ये येऊन ओरडली, "पुढचं कोण कापणार?" मास्तरनं कात्री उचलली, ती त्याच्या मुठीतून घसरून फरशीवर पडली. जाऊबाई उठल्या. तीच कात्री उचलली. आदल्या दिवशी त्यांनीच नवं कापड पसरून ठेवलं होतं. आठ थर, एका दमात. कडेला एक धागा लोंबत नव्हता.

चार दिवसांनी संध्याकाळी मास्तर आमच्या दारात. खुर्चीवर बसला, पाण्याचा पेला डाव्या हातानं घेतला. "बाई, तुम्ही केलंत तरी काय? माझा हात गेला हो."

जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "काम नको असलं की कोपर दुखतोच, मास्तर."

त्याची मान खाली गेली. मला वाटलं, झालं, उगवला सूड. पण जाऊबाई आत गेल्या आणि बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं मिशा बघितल्या. त्याचा हात आपसूक स्वतःच्या मिशांकडे गेला.

"हो, तुम्हीच. सात महिने रोज तीसदा खाली उतरवलंय," जाऊबाई म्हणाल्या. मग झोप, डाळ, अंडं, सिगारेट, सगळं नीट सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. "आणि उद्या मालकिणीकडे हलकं काम मागा. सगळ्यांना ऐकू जाईल असं मागा."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्यानं मागितलं. जाऊबाई टेबलावरून मान न वळवता म्हणाल्या, "द्या की. बसवा बटणांना."

त्या रात्री मी म्हटलं, "झालं ना समाधान? सोडा आता."

"सोडू? बरा होऊ दे त्याला पूर्ण. दुसरं टेबल मी त्याच्यासाठी रिकामं ठेवायला सांगितलंय. माझ्या शेजारी उभा राहून कापेल ना, तेव्हा कळेल त्याला, कोणाचा हात सरस ते."

आता रोज सुटीच्या वेळी जाऊबाई बटणांच्या बाकापाशी थांबतात आणि विचारतात, "मास्तर, आज कितीदा उतरवलंत?"

मास्तर खाली बघत आकडा सांगतो.