बाटलीतलं जेवण

"टाक्यांचं काय बघता, सिस्टरबाई? हिच्या अंगात येतंय," सिंधूचे सासरे मला म्हणाले.

सिंधू ओपीडीच्या बाकावर पडली होती. कपाळावर घामाचे थेंब, हात गार, नाडी नुसती धावत होती. तिसगावहून एसटीने आली आणि दवाखान्याच्या दारातच कलंडली. मी तिचे पाय उशीवर घेतले आणि विचारलं, "आज काय खाल्लंय हिने?"

"काय न्हाई. घरून उपाशीच निगाली. मंग स्टँडवर चा पाजला. गोड करून, दोन कप. आन पाव."

मला उत्तर मिळालं होतं. सासऱ्यांना, म्हणजे सखाहरीबाबांना, त्यांचं आधीच मिळालं होतं. गावच्या देवऋषीने बाहेरची बाधा आहे म्हणून सांगितलं होतं.

मी तेव्हा नगरच्या एका दवाखान्यात बायकांच्या सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते. बहात्तरच्या दुष्काळाचं साल. सिंधूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं. तिला जठरात अल्सर होता, म्हणजे आतून जखम. ती इतकी चिघळली होती की खाल्लेलं पुढे सरकायचंच नाही, सगळं उलटून पडायचं. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, जठराचा मोठा भाग काढून उरलेला आतड्याला जोडला होता.

जठर ही अन्नाची कोठी. तिच्या दाराशी एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. सिंधूची कोठी मुठीएवढी उरली होती आणि झडप गेली होती. अशा माणसाने एकदम भरपूर खाल्लं, किंवा गोड प्यायलं, तर सगळं धाडकन आतड्यात जाऊन पडतं. घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. याला आम्ही डंपिंग म्हणतो. त्याला उपाय एकच. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं. गोड नाही. जेवताना पाणी नाही. आणि खाल्ल्यावर थोडा वेळ आडवं व्हायचं. हल्ली वजन उतरवायला लोक आपणहून पोट लहान करून घेतात. त्यांनाही जवळजवळ हेच पथ्य असतं. माझ्या एका भाचीने तसं ऑपरेशन करून घेतलंय. तिच्यासाठी अख्खं घर वेळेवर वाट्या भरून ठेवतं. मला बरं वाटतं, आणि प्रत्येक वेळी सिंधू आठवते.

बाबांना बाहेर बसवून मी पडदा ओढला.

"सिंधू, तू घरी केव्हा जेवतेस?"

"समद्यांचं झाल्यावर."

"म्हणजे केव्हा?"

"आधी गडी मानसं, मंग पोरं. मंग आत्याबाई, जाऊबाई आन मी."

"तुला सहा वेळा खायला सांगितलं होतं ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मला कुनी सांगितलं?"

मी केसपेपर काढून पाहिला. सरांचं अक्षर होतं: डाएट एक्स्प्लेन्ड. समजावून सांगितलं होतं, पण सासऱ्यांना! ऑपरेशन बाईच्या पोटाचं आणि पथ्य ऐकणार पुरुष. सगळ्या दवाखान्याची तीच रीत होती. डिस्चार्जच्या वेळी पेशंट गाठोडं बांधत असते आणि डॉक्टर घरातल्या कर्त्याशी बोलतात. सखाहरीबाबांनी ते पथ्य तिसगावपर्यंत नेलंच नव्हतं.

मी बाहेर आले. "बाबा, सरांनी तुम्हाला पथ्य सांगितलं होतं. तुम्ही घरात कुणाला बोलला नाहीत?"

"सांगून काय करू?" ते शांतपणे म्हणाले. "घरात धा मानसं. इहीर आटली. पोरं दिवसभर खडी फोडून येत्यात, त्यांना दोन येळा भाकर मिळती. आन सुनेनं सहा येळा खायाचं?"

मी वॉर्डच्या किचनमधून एक भाकरी मागवली. त्यांच्यासमोर तिचे चतकोर केले. "एका वेळी हा एवढा तुकडा. थोडी डाळ. दिवसभराचं धरलं तरी तुमच्या एका जेवणाएवढं भरत नाही."

त्यांनी चतकोराकडे नीट पाहिलं. माणूस मूर्ख नव्हता.

"हिशेब बराबर हाय. पन दिसतं काय? दिसतं सहा येळा. आन खाऊन वर आडवी पडनार. हिची जाऊ काय म्हनंल? गाव काय म्हनंल?"

"ती मरेल त्याचं काय म्हणेल गाव?"

"त्यापरास माहेरी धाडतो. बरी झाली की बघू."

हे 'बघू' मी वॉर्डमध्ये पुष्कळदा ऐकलं होतं. बाई माहेरी जाते आणि इकडे नवऱ्यासाठी दुसरी पाहतात. बाकावर सिंधूने डोळे मिटून घेतले होते, पण ती ऐकत होती.

मी तिला ॲडमिट करून घेतलं. वॉर्डमध्ये तिला थोडं थोडं, वेळच्या वेळी मिळू लागलं. खाल्लं की ती कॉटवर आडवी होई. एकदाही घाम नाही, एकदाही अंधारी नाही. तिसगावची बाधा नगरपर्यंत आली नव्हती म्हणायची!

तिचा नवरा भानुदास नगरजवळच्या नागापुरात एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिकडेच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी जायचा. शिफ्ट संपवून तो भेटायला आला. साधा, मऊ बोलणारा मुलगा. सिंधूसाठी पेरू घेऊन आला होता. मी त्याला सगळं समजावलं. त्याला पटलं.

"मग घरी सांगा तुम्ही."

तो जमिनीकडे बघू लागला. "मी काय सांगनार, सिस्टर? दादा हायेत." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"बायको तुमची आहे की दादांची?"

"तसं न्हाई. पन बायकोच्या जेवनाचं मी कसं बोलू? समदे हसतील."

मी तिथून उठून गेले. आणखी थांबले असते तर तोंडून भलतंच गेलं असतं. मशीन चालवणारा, पगार आणणारा माणूस, आणि "हिला चतकोर भाकरी द्या" एवढं वाक्य त्याच्या घशातून निघत नव्हतं.

सखाहरीबाबा सुनेला न्यायला आले तेव्हा मी पुन्हा तेच सांगायला लागले. त्यांनी हात जोडले.

"सिस्टरबाई, जेवनाचं सोडा. तुमी औषध द्या. कितीबी कडू द्या. औषध आमी टायमाला देऊ. त्यात कसूर व्हनार न्हाई."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. औषध टायमाला देतील, भाकरी नाही! मी काहीतरी तिखट बोलणारच होते. पण बोलण्याआधी मला कळलं की या माणसाने आपल्या हाताने दार उघडून दिलंय.

"बसा. देते औषध," मी म्हटलं.

किचनमधून भाजलेलं डाळं आणि शेंगदाणे घेतले. बारीक कुटले. थोडं मीठ, थोडं जिरं. तपकिरी, रुंद तोंडाच्या बाटलीत भरलं आणि बाटली घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, यावर तुमची सही लागेल."

सरांनी झाकण उघडून वास घेतला. "हे काय आहे?"

"जी. पावडर."

"जी. म्हणजे?"

"ग्रॅम, सर. हरभरा."

सर हसले नाहीत. "सिस्टर, हे पेशंटच्या घरच्यांना फसवणं आहे."

"सर, तिला याच औषधाची गरज आहे की नाही?"

"आहे."

"मग फसवणूक कुठे आली? तुम्ही जठर काढलंत. मी ते चालवायचा रस्ता शोधतेय."

सरांनी बाटलीचं झाकण परत लावलं. त्यांनाही बहुतेक केसपेपरवरचं 'एक्स्प्लेन्ड' आठवलं असावं. मग त्यांनी प्रिस्क्रिप्शन लिहिलं, आणि माझ्या सांगण्याबाहेर एक ओळ आपल्या मनाने घातली. कंपाउंडरने लेबल चिकटवलं. मी बाहेर येऊन आधी सिंधूला आणि मग बाबांना वाचून दाखवलं.

"दिवसातून सहा वेळा, चार मोठे चमचे. औषध उष्ण आहे, रिकाम्या पोटी चालणार नाही. आधी चतकोर भाकरी खायचीच. वर पाणी नाही, गोड चहा नाही. औषध घेतलं की आडवं व्हायचं, नाहीतर लागू पडत नाही."

भाकरीची ओळ सरांची होती.

सखाहरीबाबांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. उपरण्यात गुंडाळली. "आता कसं," ते म्हणाले. "आधीच द्यायचं हुतं की."

सुट्टीला घरी जाताना भानुदास दवाखान्यात येऊन नवी बाटली नेऊ लागला. बातमी चांगली होती. चक्कर थांबली. सिंधूच्या गालांवर थोडं मांस आलं. जाऊसुद्धा काही बोलत नव्हती, कारण आजारी माणसाच्या औषधाचा हेवा कोण करणार?

"दादाच आवाज देत्यात," तो कौतुकाने सांगायचा. "'सूनबाई, औषध झालं का? भाकर खाल्ली का आदी?' टायम चुकू देत न्हाईत."

मला हसू यायचं आणि हसता हसता डोकं तापायचं. दुष्काळ तोच होता. कणगीतली बाजरी तीच होती. चतकोर तेवढाच होता. फक्त त्याच्याजवळ एक लेबल येऊन बसलं होतं. बाईने भुकेसाठी खाल्लं तर ती खादाड, औषधासाठी खाल्लं तर ती शहाणी.

मग भानुदास यायचा बंद झाला. पहिल्यांदा वाटलं, सुट्टी मिळाली नसेल. पुढे तो मला दवाखान्याच्या फाटकासमोरून जाताना दिसला. मी हाक मारली.

"बाटली संपली असेल ना?"

"आई म्हनली, आता बाटली आनू नगं," तो म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेला.

मी जागेवरच पेटले. आई म्हणजे सिंधूची सासू. सासऱ्याने ऐकलं तर आता सासूने बंद केलं! म्हातारीला सुनेचं आडवं होणं बघवलं नसणार. रविवारी माझी सुट्टी होती. मी तिसगावची एसटी धरली. वाटेत सगळं भाषण मनात पाठ केलं. तिकडची शेतं उघडी, पांढरी पडलेली. स्टँडपासून वस्तीपर्यंत चालत गेले, आणि प्रत्येक पावलाला माझं भाषण जास्त कडक होत होतं.

घरात पुरुष नव्हते. ओसरीवर सिंधू गोधडीवर आडवी झाली होती. मला पाहून गडबडीने उठायला लागली.

"पडून ऱ्हा," आतून आवाज आला. "तुझा टायम व्हायचा हाय अजून."

कौसाबाई बाहेर आल्या. सिंधूची सासू. लहानखुऱ्या, काटकुळ्या, कोपरांची हाडं वर आलेली. मी नाव सांगितलं. माझं भाषण ओठांवर होतं. तेवढ्यात मला कोनाड्यातली तपकिरी बाटली दिसली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"मावशी, ही कुणी भरली?"

"मी."

"यात काय आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"मला काय येडी समजता व्हय?" कौसाबाई म्हणाल्या. "पयल्याच दिशी चाखून पाह्यलं. डाळं आन शेंगदानं. मीठ वाईच कमी पडतं तुमचं."

सिंधू पदर तोंडाशी धरून हसत होती.

"मग तुम्ही घरात सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? बाटलीत हाय तवर तिचं हाय. पातेल्यात गेलं की समद्यांचं. मंग गडी, मंग पोरं, आन तिच्या वाट्याला टोपल्याचा तळ." त्यांनी बाटलीचं झाकण उगाचच घट्ट केलं. "भानू दर सुट्टीला बाटली आनायला लागला तर येक दिस ह्यांच्या ध्यानात यील. म्हनून म्हनलं, नगं आनू. मी कुटते, समदे कामावर गेले की."

माझं पाठ केलेलं भाषण कुठे ठेवावं ते मला कळेना. मी पाणी मागितलं. कौसाबाईंनी तांब्या दिला आणि शेजारी बसल्या. थोड्या वेळाने इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाल्या,

"सिस्टर, आनखी येक बाटली मिळंल का?"

"सिंधूसाठी? ही आहे की भरलेली."

"न्हाई. माझ्या नावाची."

"तुम्हाला काय होतंय, मावशी?"

"काय व्हत न्हाई. समदे उठले की उरलं तर खाते. चाळीस वर्सं झाली. दानं हायेत, डाळं हाय, कुटायला हात हायेत. पन माझ्या नावाची चिठ्ठी न्हाई ना वर. तेवढी तुमच्या मोठ्या डाक्टरची चिठ्ठी पायजे."

नगरला आल्यावर मी सरांपुढे रिकामी बाटली ठेवली.

"या बाईंना मी तपासलेलं नाही," सर म्हणाले. "डायग्नोसिस काय लिहू?"

"उपासमार लिहा, सर."

त्यांनी पेन उचललं आणि नुसतंच धरून ठेवलं. शेवटी 'जनरल वीकनेस' लिहिलं आणि सही केली. लेबल मी माझ्या हाताने चिकटवलं, कौसाबाईंचं पूर्ण नाव घालून. भानुदासच्या हाती ते तिसगावला गेलं. सखाहरीबाबा मग सुनेबरोबर बायकोलाही आवाज देऊ लागले, असं त्यानेच सांगितलं.

सिंधू माहेरी गेली नाही. पुढच्या चांगल्या पावसाच्या सालानंतर ती मला दाखवायला आली तेव्हा तिचं वजन चांगलं वाढलं होतं आणि बरोबर सासू होती. दोघींनी बाकावर बसून फडक्यातली चतकोर चतकोर भाकरी खाल्ली, ओपीडीच्या गर्दीदेखत.

पुढे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. डाएट सांगायचं ते पेशंटला सांगा, आणि सांगण्याआधी तिच्या घरात कोण कधी जेवतं ते विचारा. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. एखादी मला म्हणायची, "सिस्टर, तुम्ही काय छान युक्ती केलीत!" मला ते कधीच आवडलं नाही. बाईला घरात भाकरी मिळावी म्हणून सर्जनची सही लागली. यात छान काय आहे?