पांघरूण

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही. आता करी रोडच्या या टॉवरमध्ये लिफ्टच्या आवाजाशिवाय सोबत नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय.

तरुणपणी परळच्या एका प्रयोगशाळेत मी आणि सुजाता शेजारी-शेजारी काम करायचो. अल्कोहोलात बुडवलेल्या तांब्याच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पाडायची. डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, आणि अल्कोहोलातलाच कार्बन त्यांच्यावर चढतो. आम्ही त्याला लेप म्हणायचो. सुजाता म्हणायची, पांघरूण. "नीट घाल रे, नाहीतर उघडं पडेल बिचारं!" पांघरूण अखंड असलं तर आम्लातही तांबं टिकतं. अल्कोहोलात पाणी गेलं, की ते फाटकं राहतं आणि आम्ल निळं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, तिचा नमुना सगळ्यांसमोर आम्लात टाकून तपासणार होते. ती राहणार की जाणार, ते त्यावर ठरणार होतं. आदल्या दुपारी ती जेवायला गेली, तेव्हा तिच्या भांड्यात अल्कोहोल कमी दिसलं. मी भर घातली. मदत म्हणूनच — हो, तेही खरं. पण हाताला आली ती भांडी विसळायची बाटली, निम्मं पाणी असलेली. दिसायला दोन्ही सारखीच. सुजाताने येऊन ठिणगी सुरू केली.

शुद्ध अल्कोहोलाच्या बाटलीचं सील तसंच आहे, हे मला संध्याकाळी दिसलं. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. ती तिथेच होती, टेबल पुसत.

सकाळी आम्ल निळं झालं.

"पाणी गेलंय यात. एवढंही भान नाही?" सर म्हणाले. मागून कोणीतरी बोललं, "कोट्यातला माल!" सगळे हसले. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी — काचेकडे.

ती गेली.

परवा दादरला भाजी घेताना भेटली. केस पिकलेत. शीवला मुलांच्या शिकवण्या घेते. माझा हात धरून म्हणाली, "अरे, तेव्हा सगळे हसले होते. तू एकटाच हसला नाहीस. विसरले नाही हं मी."

आणि मी काय म्हणालो? "मेथी चांगली आलीय आज."

ते पाणी मी घातलं होतं. आणि हसलो नाही तो तिच्यासाठी नव्हे — तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर पडलं असतं, म्हणून.