गिरणीचं दळण

पौडच्या बाजारपेठेत आसमा तांबोळीचं झेरॉक्सचं आणि शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जून महिन्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते, तरी माणसं आपोआप रांगेत उभी राहतात. आसमापुढं घुसाघुशी चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. ती लहान असताना घरात कलिंगड आणलं की आई, अमिनाबी, सुरी तिच्याच हातात द्यायची. "हिनं कापलं की भांडणं होत नाहीत," म्हणायची. पाच भावंडांत एकालाही आपली फोड लहान वाटली नाही. पुढं भावंडं पांगली, लग्न करायचं राहून गेलं, चाळिशी ओलांडली, पण हा गुण तसाच राहिला. कुणी वाटणीला, निवाड्याला बोलावलं की आसमा जायची आणि दोन्हीकडचा चहा न घेता परत यायची.

रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत लढाई मांडली जायची. प्लायवूडचं मोठं टेबल, त्यावर थर्माकोलचे डोंगर, निळी रंगवलेली नदी, काड्यापेट्यांची घरं आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक, एक सैनिक म्हणजे एक तुकडी. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, समोरच्याच्या तुकड्या उडवायच्या. हा नाद आणला सुधीरनं. तो हिंजवडीत नोकरीला, राहायला जांब्यात भाड्यानं. बारीक ब्रश शोधत एकदा दुकानात आला आणि तासभर या खेळाबद्दल बोलत बसला. मग मुठा गावचा विश्राम आला. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. पत्रा आणि वेल्डिंग यांत त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता.

चौथा पप्पू. त्याला आसमानं आणलं.

धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवरचा तो. छोटा हत्ती टेम्पो चालवायचा, दुकानाचा कागद आणून टाकायचा. तिशीचा गडी, पण कुणी त्याला अहो-जाहो केलं नाही. कामाला तो सगळ्यांना हवा असायचा, बसायला कुणालाच नाही. लग्नात भांडी वाहायचा आणि पंगती उठल्यावर जेवायचा. जत्रेत मंडप बांधायचा आणि जत्रेच्या एकाही फोटोत नसायचा. आसमानं त्याला एकदा सहज विचारलं,

"रविवारी काय करतोस रे?"

"काय न्हाई. गाडीत बसतो."

"जातोस कुठं?"

"जात न्हाई. बसतो नुसता. गाडीच हाय माझी."

पुढच्या रविवारी तिनं त्याला टेबलापाशी खुर्ची दिली.

लाल आणि काळ्या, दोन्ही सैन्यांतल्या तुकड्यांना त्यांनी माणसांची तीच आठ नावं दिली होती. खेळणारे चौघं, चहावाली भिमाबाई, कंडक्टर देवू, सुधीरची बायको सोनल, विश्रामची आई चंद्राबाई. पप्पूचं नाव पांढऱ्या रंगानं लिहिलं त्या दिवशी त्यानं त्या तुकडीचा फोटो काढून मोबाईलच्या पडद्यावर लावला. तेव्हापासून त्यानं एक रविवार चुकवला नाही. तो आला नाही तर "अजून कसा नाही आला?" असं कुणी म्हणेल, अशी त्याला जगात ही एकच जागा होती. आसमाला हे पक्कं माहीत होतं. ही जागा त्याची राहिली पाहिजे, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

होळीच्या आधीच्या एका रविवारी विश्राम गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. समोरच्या डोंगरावर वणव्याची काळी पट्टी उतरलेली. पलीकडं रस्त्यासाठी सुरुंग लावत होते. दर थोड्या वेळानं जमिनीतून हादरा यायचा आणि टेबलावरचे सैनिक जागच्या जागी थरथरायचे.

विश्रामनं गोणपाट सोडलं. 

कळशीएवढं यंत्र होतं ते. बोल्टांचे सहा पाय, सायकलच्या साखळीचा कणा, फवारणी पंपाच्या नळीची तोफ. सगळ्यात वर, पिठाच्या गिरणीला दळण ओतायला असतो तसला पत्र्याचा चौकोनी कोठा. डोंगर त्याच्या गुडघ्याला लागत होते. काड्यापेटीची घरं तर पायाखाली दिसलीही नसती.

"हिचं नाव गिरणी," विश्राम म्हणाला. "समोर काय बी येऊ द्या, थांबत न्हाई. पण हिला दर डावाला दळण लागतं."

"दळण कसलं?" सुधीरनं विचारलं.

"आपलीच एक तुकडी. वरून टाकायची. न्हाई टाकली तर ती जागची हालत न्हाई."

"मस्त! आणि कुठली तुकडी टाकायची ते कसं ठरवायचं?"

त्याचा नियम विश्रामनं गावाकडून आणला होता. मुठ्याकडं बोकड कापला की मटणाचे सारखे वाटे करतात. एकजण पाठ फिरवून बसतो. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो, वाटा त्या घरचा होतो. त्यानं काही पाहिलेलं नसतं, म्हणून कुणी कुरकुरत नाही. इथंही तसंच. गिरणी ज्यांच्याकडं, त्या दोघांनी आळीपाळीनं पाठ फिरवायची आणि एक नाव घ्यायचं. कोणती तुकडी कुठं उभी आहे हे बघायचं नाही, म्हणजे लबाडीला वाव नाही.

टेबलावर कुठलीही नवी वस्तू आली की तिचं मोल आसमा ठरवायची, हा तिथला रिवाज. तीन लढाया बघायच्या: एक तिच्याविरुद्ध लढून, एक बाजूला बसून, एक स्वतः ती चालवून. मग ती पास की नापास, आणि पास असली तर किती गुणांची, हे सांगायचं. तिच्या शब्दावर कुणी कधी हरकत घेतली नव्हती. गिरणीला विश्रामनं चाळीस गुण मागितले होते, म्हणजे आठ तुकड्यांची किंमत.

पहिल्या लढाईत गिरणी सुधीर आणि विश्रामकडं होती, समोर आसमा आणि पप्पू. सुधीरनं पाठ फिरवली.

"दळण कुणाचं?" विश्रामनं विचारलं.

"पप्पू!" सुधीर लगेच म्हणाला.

"आरं तिच्या! पैल्याच झटक्याला?" समोर बसलेला पप्पू हसला. सगळे हसले. काळी तुकडी कोठ्यात पडली, पत्र्यावर खडखडत खाली गेली. गिरणी चालली. आसमाच्या दोन तुकड्या तिनं एका डावात साफ केल्या, पण प्रत्येक डावाला स्वतःचंही माणूस खाल्लं. शेवटी लढाई थोडक्यात गिरणीच्या बाजूनं गेली. आसमाला हिशोब पटला. जेवढं मारते तेवढं गिळते. चाळीस गुण बरोबर होते.

दुसऱ्या रविवारी ती बाजूला बसली. गिरणी विश्राम आणि पप्पूकडं, समोर एकटा सुधीर. पहिलं नाव विश्रामनं घ्यायचं होतं. तो भिंतीकडं तोंड करून बसला. त्याच्या खांद्याला खांदा लावून पप्पू बसलेला.

"पप्पू," विश्राम म्हणाला.

"तुज्या बाजूला बसलोय की मी, भाड्या!"

"मग काय झालं? तू कुटं रडणारेस?"

पुन्हा हशा पिकला. पप्पूची पाळी आली तेव्हा त्यानं देवूचं नाव घेतलं. "सुट्टं न्हाई म्हणून भर उनात उतरवलं हुतं मला. घे आता!" यावर तर सुधीरनं टाळी दिली. लढाई या खेपेला गिरणी थोडक्यात हरली. गुण पुन्हा बरोबर ठरले. मात्र आसमाचं लक्ष टेबलावरून उडालं होतं. हसता हसता पप्पूनं दोनदा विश्रामच्या पाठीकडं पाहिलं होतं. विश्राम वळून बसला तरी पप्पू त्याच जागी, नुसत्या भिंतीकडं, बघत राहिला.

गुरुवारी तो कागदाचे गठ्ठे घेऊन दुकानात आला. गठ्ठे रचता रचता म्हणाला, "ताई, मी लई चवीचा असणार. गिरणीला आदी मीच लागतो."

"योगायोग असतो रे."

"व्हय. दोनदा योगायोग." तो हसला आणि गेला.

आसमा काउंटरवर बसून राहिली. तिसरी लढाई तिच्या हातात होती. गिरणी ती चालवणार, जोडीला पप्पूला घेणार आणि पहिलं नाव स्वतः घेणार. ते नाव पप्पूचं नसेल, मग त्याच्या मनातलं निघून जाईल. इतकं सोपं होतं. एवढ्या वर्षांत कुणाच्या फोडीत तिचा हात चुकला नव्हता.

तिसऱ्या रविवारी ऊन फार होतं. पंखा गरम वारा फेकत होता. सुरुंगाच्या हादऱ्यानं नदीकाठचं एक काड्यापेटीचं घर आडवं झालं, ते सुधीरनं उभं केलं. लाल सैन्य आणि गिरणी आसमा-पप्पूकडं होती. आसमानं पाठ फिरवली. समोर भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं.

"दळण कुणाचं?" पप्पूनंच विचारलं.

आसमानं मनात एकेक नाव उचललं. चंद्राबाई? विश्रामची आई, परवाच दवाखान्यातून घरी आलेली, नको. सोनल? सुधीरला उगीच लागेल. भिमाबाई वडीलधारी. विश्राम नको, त्यानं एवढं खपून यंत्र बनवलं आहे. सुधीर तसा परगावचा, मनाला लावून घेतो. देवूचं नाव तर मागच्याच वेळी आलं होतं, लोक म्हणतील आसमा मुद्दाम करते. प्रत्येक नावापाशी काही ना काही आडवं येत होतं. एकाच नावापाशी काही आलं नाही. तो हसून सोडून देईल, असंच तिला वाटलं. पुढचा विचार यायच्या आत नाव तोंडून गेलं.

"पप्पू."

या खेपेला कुणी हसलं नाही.

ती वळली. पप्पू उठला होता. त्यानं आपली तुकडी दोन बोटांत उचलली, काळजीनं, पाय मोडू नये अशी, आणि कोठ्यात सोडली. खडखडाट थांबेपर्यंत तो तसाच वाकून ऐकत राहिला. मग गिरणी नियमाप्रमाणं पुढं सरकवली, फासे टाकले, विश्रामची तुकडी उडवली. सगळं व्यवस्थित.

पुढच्या डावाला नाव घ्यायची पाळी त्याची होती.

"फिरव पाठ," विश्राम म्हणाला.

"कशाला?"

"म्हंजे? नियम हाय."

"पाठ फिरवून तुमी तिगांनी काय येगळं केलंत?" पप्पूचा आवाज चढला नव्हता. "मी तोंडावर घेतो नाव."

त्यानं विश्रामकडं पाहिलं. विश्रामनं मान वळवली. सुधीरकडं पाहिलं. सुधीरनं मोबाईल हातात घेतला, पडदा काळाच होता. खेळातल्याच तुकड्या, पेराएवढ्या; तरी आपलं नाव येऊ नये असं खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, आणि शेजाऱ्याला तसं वाटतंय हेही कळत होतं. पप्पूनं घाई केली नाही. वाट्यावर बोट ठेवावं तशी त्याची नजर एकेकावर थांबत आली आणि आसमावर टेकली.

"ताई, आदी तुमी सांगा. गिरणी पास का नापास?"

 पप्पूनं तुकडी कोठ्यात सोडली तेव्हापासून आसमाला गिरणी नापासच करायची होती. पण आत्ता, स्वतःचं नाव यायच्या ऐन आधी नापास म्हटलं, तर ते स्वतःला वाचवणं झालं असतं. पप्पू तीन वेळा गेल्यावर आणि आपण जायच्या आत. पास म्हटलं तर दर रविवारी हेच.

"आधी नाव घे," ती म्हणाली. "तुझी पाळी आहे."

"घेऊ?"

"घे."

"आसमा," पप्पू म्हणाला. नुसतं आसमा. ताई नाही.

तिनं आपली तुकडी उचलून कोठ्यात टाकली. आवाज तोच होता, पण मघाशी पप्पूची तुकडी गेली तेव्हा तो इतका वेळ चालतो हे तिला कळलं नव्हतं. तिनं गिरणी सरकवली, डाव पुरा केला आणि मग म्हणाली, "नापास."

"नापास?" विश्राम उसळला. "गुण बरोबर हायेत, तुमीच म्हणला!"

"गुण बरोबर आहेत."

"मग? नियम तर आमच्या वाट्यांचाच हाय. पिढ्यान्‌पिढ्या चाललाय."

"वाट्यांत शेवटी सगळ्यांना मिळतं, विश्राम. पहिलं नाव कुणाचंही आलं तरी बिघडत नाही. इथं ज्याचं नाव पहिलं आलं तो गेला. आपण देण्याचा नियम घेण्याला लावला."

"ताई, गेमच आहे ना शेवटी," सुधीर हळूच म्हणाला.

 विश्रामनं पाना घेतला आणि रागारागानं गिरणीचे पाय सोडायला लागला. पोटातून तुकड्या बाहेर पडल्या. लाल रंग खरवडून खाली पांढरं प्लास्टिक दिसत होतं. पप्पूनं त्या मोजल्या नाहीत, उचलल्या नाहीत. दाराशी जाऊन चपला घातल्या.

"पुढल्या रविवारी किती वाजता?" त्यानं विचारलं.

दोन वर्षं वेळ तीच होती. ती कुणी कुणाला विचारली नव्हती.

"नेहमीचीच की रे," आसमा म्हणाली.

"व्हय. न्हाई, म्हणलं इचारलेलं बरं."

आठवडाभर कागदाचे गठ्ठे वेळेवर येत राहिले. तो दारातच ठेवायचा, सही घ्यायचा, जायचा. आसमानं दोनदा त्याला थांबवलं आणि दोन्ही वेळा पुढच्या गठ्ठ्यांचंच बोलली. माफी मागावी तर कशाची? खेळात एक नाव घेतल्याची? एवढ्याशा गोष्टीला माफी मागितली तर ती एवढीशी नव्हती हे कबूल केल्यासारखं होणार, आणि न मागावी तर ती तशीच राहणार.

रविवारी तिनं टेबल पुसलं, डोंगर नीट लावले. सुधीर आला. विश्राम आला, फुगलेला होता, पण आला. सैन्यं मांडून झाली. डोंगरापलीकडं एक सुरुंग उडाला आणि गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. ती गप्प झाली तेव्हा बाहेर छोटा हत्ती थांबल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. मग बराच वेळ काहीच नाही. तो गाडीत नुसता बसला असणार.

"हाक मारू का?" सुधीर पुटपुटला. उठलं मात्र कुणी नाही.

शेवटी पडद्याआड सावली आली आणि थांबली. याआधी तो आत यायचा तो थेट खुर्ची ओढायचा.

"येऊ का आत?" पप्पूनं विचारलं.

"अरे, ये ना!" तिघंही एकदम म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.