कॉम्प्युटरच्या नंबरात घुसखोर

मुलाखत दुपारी होती आणि सकाळी मी कॉम्प्युटर पुसून त्यात नवी सिस्टीम घातली. असला शहाणपणा मीच करू जाणे. पण जुनी सिस्टीम सुरू होईपर्यंत कुकर होऊन जायचा, म्हणून कॉम्प्युटर कित्येक दिवस बंदच पडून होता, आणि मुलाखतीत व्हिडिओवर बोलून झालं की टायपिंगची परीक्षाही होती. ती मोबाइलवर चालणार नव्हती. मुलगी झाल्यापासून मी घरीच होते. एवढ्या वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं आणि ही नोकरी मला हवीच होती.

सिस्टीम झकास बसली. मग तिने विचारलं, नेटवर्कचा पत्ता ऑटोमॅटिक घेऊ की तुम्ही देता? आता हे मला काय माहीत! मी प्रश्न मोठ्याने वाचला, तर मागे खुर्चीत टीव्ही बघत बसलेल्या सासऱ्यांनी घडाघडा एक नंबर म्हणून दाखवला. इंटरनेटवाल्याने पूर्वी आमच्या कॉम्प्युटरला दिलेला. बाबांना तो पाठ होता.

"आपलो नंबर सोडूचो नाय गो," ते म्हणाले.

आमच्या घरात नंबर ही साधी गोष्ट नाही. चाळ पाडल्यावर ही मंडळी कित्येक वर्षं ट्रान्झिट कॅम्पात राहिली, ती खोलीच्या एका नंबराच्या जोरावर. ज्यांनी ढिलाई केली त्यांच्या खोल्यांत भलतेच घुसले. घाटकोपरची ही खोली बाबांनी अशी टिकवली आहे. मी मुकाट्याने तोच नंबर लिहिला.

इंटरनेट आलं. मी चहा ठेवला, तोवर गेलं. परत आलं, परत गेलं. मी राऊटर बंद करून चालू केला, वायर काढून घातली, स्वतःला आणि कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. डोकं पार भंजाळलं. मग पडद्यावर ओळ आली: हा पत्ता दुसरं उपकरण वापरत आहे.

"कोणीतरी घुसलो गो आपल्या नंबरात!" बाबा ताडकन उठले. टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि मजल्यावरची दारं वाजवायला निघाले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, "आमचो नंबर कोणी घेतलो?" शेजारीण बिचारी म्हणत होती, "कसला नंबर, काका?"

इकडे इंटरनेट एकदम सुरळीत. मला काही कळेना. बाबा रिकाम्या हाताने परतले, त्यांनी टीव्ही लावला, आणि इंटरनेट गेलं. तेव्हा कुठे उजेड पडला. कॉम्प्युटर बंद पडून होता त्या दिवसांत राऊटरने तो नंबर आमच्याच वायफायवरच्या टीव्हीला देऊन टाकला होता.

"मग मी टीव्ही बंद ठेवतंय," बाबा म्हणाले. "नंबर सोडू नको."

मुलाखत तोंडावर आली होती. मी ऑटोमॅटिकवर बोट ठेवलं.

"तो नवो नंबर आपल्याच नावार रवतलो मा?"

"नाही बाबा. बदलेलसुद्धा."

त्यांच्याकडे बघवेना, पण मी बटण दाबलं. कुठला नंबर आला ते पाहिलंही नाही. इंटरनेट आलं आणि टिकलं.

मुलाखतीला दोघं होते. बोलणं बरं झालं, टायपिंगही बरं झालं. शेवटी त्यांनी थांबायला सांगितलं, आपसात बोलले आणि म्हणाले, सोमवारपासून या. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात त्यातली बाई म्हणाली, जागा अकरा महिन्यांच्या कराराची आहे, पुढचं काही सांगता येत नाही. चालेल?

मी चटकन चालेल म्हटलं. कॉल संपल्यावर तशीच बसून राहिले. आनंद झालाय की राग आलाय, ते माझं मलाच ठरवता येईना.

बाबा दारात उभे होते. "गावली काय गो नोकरी?"

"मिळाली."

"कायमची?"

मी हो म्हटलं.